कॅनडाची फेडरल नोकरी : पीआरधारकाचा हक्क, समन्यायाची स्वयंघोषणा आणि अर्जाची संपूर्ण वाट

कॅनडात पीआर (पर्मनंट रेसिडेन्सी, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क) मिळवून स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत अजूनही एक समज पक्का आहे की, नागरिकत्वाची शपथ घेतल्याशिवाय तिथल्या केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल, नोकरीसाठी अर्ज करण्यात अर्थ नाही. २९ जून २०२१ पर्यंत या समजाला कायद्याचा आधार होता. त्या दिवशी संमत झालेल्या दुरुस्तीने तो आधार काढून घेतला आणि कायम रहिवाशाला नागरिकाच्या बरोबरीने उभे केले. तरीही पात्र माणसे अर्जच करत नाहीत, किंवा अर्ज करतात तेव्हा आपण कोणत्या गटात मोडतो हे स्वतः सांगण्याचा, म्हणजे स्वयंघोषणेचा, रकाना संकोचाने रिकामा सोडतात. या दोन्ही गोष्टींनी त्यांचे नुकसान होते आणि ते टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा लेख. यात कायदा समजून घेण्यापासून रुजू होण्यापर्यंतची वाट क्रमाने सांगितली आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू

कॅनडाच्या केंद्रीय सेवेतील बहुतेक भरती ‘पब्लिक सर्व्हिस एम्प्लॉयमेंट ॲक्ट’ या कायद्याखाली होते. सध्याचा कायदा २००३ सालचा असून तो २००५ च्या अखेरीस अमलात आला. त्यातील ३९ वे कलम आपल्या विषयाचा गाभा आहे. बाहेरच्या उमेदवारांसाठी जाहिरात देऊन भरती केली जाते तेव्हा, आवश्यक पात्रता पूर्ण करणाऱ्यांपैकी कोणाची नेमणूक आधी करायची, याचा क्रम हे कलम ठरवते. पहिला मान माजी सैनिकांचा, त्यानंतर नागरिकांचा आणि उरलेल्यांचा सर्वांत शेवटी, अशी ही रचना होती. २०२१ च्या दुरुस्तीने दुसऱ्या पायरीवर ‘नागरिक किंवा कायम रहिवासी’ असे शब्द आले. बदल मोजक्या शब्दांचा दिसतो, पण त्यामागे तीन दशकांहून अधिक काळ चाललेला वाद आहे.

१९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अँड्र्यूज’ खटल्यात ब्रिटिश कोलंबियातील वकिलीसाठी असलेली नागरिकत्वाची अट रद्द केली. नागरिक नसलेले कायम रहिवासी हे मताधिकार नसलेले, राजकीयदृष्ट्या दुबळे लोक आहेत, त्यामुळे हक्कांच्या सनदेतील समानतेचे १५ वे कलम त्यांचेही रक्षण करते, असे न्यायालयाने मानले. पुढे सरकारी नोकरीतील प्राधान्यक्रमालाच आव्हान देणारा ‘लावोई’ खटला त्याच न्यायालयापुढे आला आणि मार्च २००२ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. नऊपैकी तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले. सरकारची बाजू मान्य करणाऱ्या सहांपैकी चौघांनी हा भेदभावच आहे असे मान्य केले, मात्र नागरिकत्वाचे मोल वाढवणे आणि लोकांना ते घ्यायला प्रवृत्त करणे हा हेतू वाजवी असल्याने तो चालवून घेता येईल, असे म्हटले. म्हणजे न्यायालयात जे मिळाले नाही, ते एकोणीस वर्षांनी संसदेने दिले. माझ्या मते संसदेने योग्यच केले, कारण जो माणूस इथे कर भरतो, मुलांना इथल्या शाळेत घालतो आणि ज्याला कायमचे राहण्याचा हक्क राज्यानेच दिलेला आहे, त्याला सेवेच्या दारात मागे उभे करण्याने नागरिकत्वाची प्रतिष्ठा वाढत नाही.

३९ व्या कलमाचा क्रम फक्त जाहिरातीने होणाऱ्या बाह्य भरतीला लागू आहे. जाहिरातीविना होणाऱ्या नेमणुकांना, सेवेत आधीच असलेल्यांच्या अंतर्गत भरतीला आणि ‘कॅज्युअल’ म्हणजे अल्पमुदतीच्या नेमणुकांना तो लागू होत नाही. याचा उपयोग पुढे येईल.

पायरी पहिली : आपला दर्जा कागदावर नेमका काय आहे ते पाहा

फेडरल जाहिरातीत ‘अर्ज कोण करू शकतो’ या शीर्षकाखाली बहुधा असे वाक्य असते की, कॅनडात राहणाऱ्या व्यक्ती, तसेच परदेशात असलेले कॅनेडियन नागरिक आणि कायम रहिवासी अर्ज करू शकतात. पीआरधारक सध्या आईवडिलांच्या आजारपणासाठी पुण्यात आला असेल, तरी तो अर्ज करू शकतो. वर्क परमिटवर असलेला माणूस मात्र कॅनडात राहत असला पाहिजे. तो अर्ज करू शकतो, पण त्याचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. पात्र नागरिक वा पीआरधारक उपलब्ध असेल, तर त्याच्यापर्यंत यादी पोहोचत नाही. शिक्षण संपवून पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर असलेल्या तरुणांनी हे आधीच ओळखून, जाहिरात-भरतीइतकेच लक्ष कॅज्युअल कामाकडेही द्यावे. एका विभागात एका कॅलेंडर वर्षात कॅज्युअल काम जास्तीत जास्त ९० कामाचे दिवस करता येते. त्यातून कायम नोकरी आपोआप मिळत नाही, पण विभागाची कार्यपद्धती कळते आणि संदर्भासाठी नाव देता येईल असा इथला वरिष्ठ मिळतो.

पीआरचा अर्ज विचाराधीन असताना नोकरीचा अर्ज केला असेल, तर अर्जात त्या दिवशीचा खरा दर्जाच लिहावा. पुढे पीआर मंजूर झाल्याबरोबर भरतीच्या संपर्क-पत्त्यावर भरतीचा क्रमांक घालून लेखी कळवावे. प्राधान्यक्रम कोणत्या टप्प्यावर लावायचा याबाबत विभागाला थोडी मोकळीक असते, त्यामुळे बदललेला दर्जा त्यांच्या नोंदीत वेळेत असणे महत्त्वाचे ठरते. त्याच सुमारास सोशल इन्शुरन्स नंबरही बदलून घ्यावा. तात्पुरत्या रहिवाशाचा नंबर ९ या आकड्याने सुरू होतो आणि त्याला मुदत असते. पीआर झाल्यावरही तो तसाच राहिला, तर नेमणुकीच्या वेळी कागदपत्रांत विसंगती निघते.

पीआर टिकवणे हेही याच पायरीत मोडते. दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात वास्तव्य लागते. पीआर कार्डाची मुदत संपल्याने पीआर दर्जा संपत नाही, पण पुरावा म्हणून कार्डच मागितले जाते, म्हणून नूतनीकरण लांबवू नये.

नागरिकत्व आता घ्यावे का?

मूळ गावी आईवडील, जमीन आणि घर असलेल्या मराठी माणसासाठी हा प्रश्न निव्वळ नोकरीचा नसतो. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट परत करून त्याचा दाखला घ्यावा लागतो आणि त्यानंतर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. ओसीआयधारकाला वडिलोपार्जित शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय भारतीय नागरिकत्व कायद्याच्या ७ ब कलमानुसार, सरकारी नोकरीतील समान संधीचा जो हक्क घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने नागरिकांना दिला आहे, तो ओसीआयधारकाला नाही. एका देशाच्या सेवेचे दार पूर्ण उघडावे म्हणून दुसऱ्या देशाच्या सेवेचे दार बंद करावे, अशी निवड २०२१ पूर्वी करावी लागत असे. आता निदान फेडरल नोकरीच्या मोठ्या भागासाठी ती घाईने करण्याचे कारण नाही. पाच वर्षांत १,०९५ दिवसांचे वास्तव्य पूर्ण झाले की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो केव्हा करायचा हे घरच्या बाबी पाहून ठरवावे, नोकरीच्या भीतीने नव्हे.

पायरी दुसरी : ही जागा नेमकी कोणाची आहे ते तपासा

‘सरकारी नोकरी’ म्हटली तरी सगळ्या संस्था एकाच कायद्याखाली येत नाहीत. कर वसूल करणारी कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी, अन्न तपासणी करणारी कॅनेडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सी आणि पार्क्स कॅनडा यांच्या भरतीचे नियम स्वतंत्र आहेत. कॅनडा पोस्टसारखी सरकारी महामंडळे तर पूर्णपणे वेगळी. गुप्तचर संस्थेत, म्हणजे सीएसआयएसमध्ये, नागरिकत्व ही अटच आहे, तिथे प्राधान्यक्रमाचा प्रश्नच येत नाही. कॅनेडियन सैन्यदलाने मात्र २०२२ च्या अखेरीस पीआरधारकांसाठी दार उघडले. प्रांत सरकारांचे नियम आणखी वेगळे. उदाहरणार्थ, ऑन्टारियोच्या मानवी हक्क संहितेत ज्या कारणांवरून भेदभाव करता येत नाही, त्यांत ‘नागरिकत्व’ हे कारण नावानिशी दिलेले आहे, तर केंद्राच्या मानवी हक्क कायद्याच्या यादीत राष्ट्रीय वा वांशिक मूळ आहे, नागरिकत्व नाही. म्हणून प्रत्येक जाहिरातीत संस्थेचे नाव आणि ‘प्राधान्य’ या शब्दाभोवतीचे वाक्य शब्दशः वाचावे. एका जाहिरातीचा नियम दुसरीला लागू आहे असे धरून चालू नये.

पायरी तिसरी : समन्याय म्हणजे काय, आणि स्वयंघोषणा का करावी

या टप्प्यावर मला जास्त थांबायचे आहे.

‘एम्प्लॉयमेंट इक्विटी’, म्हणजे नोकरीतील समन्याय, ही संकल्पना कॅनडात रुजवली ती न्यायमूर्ती रोझाली अबेला यांच्या आयोगाने, १९८४ च्या अहवालात. त्यावरून १९८६ साली पहिला कायदा झाला आणि १९९५ साली त्याची जागा घेणारा नवा कायदा संमत झाला. या कायद्याने चार गट निश्चित केले: स्त्रिया, कॅनडाचे मूळ आदिवासी, अपंग व्यक्ती आणि ‘व्हिजिबल मायनॉरिटी’, म्हणजे आदिवासी सोडून इतर गौरेतर वंशाच्या वा वर्णाच्या व्यक्ती. भारतातून आलेला मराठी माणूस या चौथ्या गटात येतो, मराठी स्त्री दोन गटांत येते, आणि तिला एखादे दीर्घकालीन अपंगत्व असेल तर तीन गटांत. कायद्यातील अपंगत्वाची व्याख्या बरीच व्यापक असून, दीर्घकाळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या शारीरिक, मानसिक, संवेदनांच्या तसेच अध्ययनाच्या अडचणींचा तिच्यात समावेश होतो. २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या, प्रा. अडेल ब्लॅकेट यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाच्या अहवालानंतर कृष्णवर्णीय कामगार आणि एलजीबीटी समुदाय यांना स्वतंत्र गट करण्याला सरकारने तत्त्वतः पाठिंबा जाहीर केला. अर्ज भरताना मात्र प्रपत्रात जे गट छापलेले असतील, तेच प्रमाण मानावेत.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या मनात इथे साहजिकच आरक्षणाचे चित्र उभे राहते: बिंदुनामावली, राखीव जागा, जातीचा दाखला, पडताळणी समिती. कॅनडाची पद्धत तशी नाही. या कायद्याचे ३३ वे कलम कोटा लादण्यास स्पष्ट मनाई करते आणि ६ वे कलम सांगते की पात्रता नसलेल्याला नेमण्याची सक्ती मालकावर नाही. जातीच्या दाखल्याचा इथे काहीही उपयोग नाही. प्रत्यक्षात घडते ते असे की, एखाद्या विभागात एखाद्या गटाचे प्रतिनिधित्व कमी असेल, तर विभाग ते ‘संस्थेची गरज’ म्हणून जाहिरातीत नमूद करतो आणि सर्व आवश्यक पात्रता पूर्ण करणाऱ्यांमधून त्या गटातील उमेदवाराची निवड करू शकतो. कधी कधी तर संपूर्ण भरतीच विशिष्ट गटापुरती खुली ठेवली जाते, आणि वर सांगितलेल्या पब्लिक सर्व्हिस एम्प्लॉयमेंट ॲक्टचे ३४ वे कलम त्याला मुभा देते. दोन्ही वेळा विभागाला आपण त्या गटात आहात हे कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे आपली स्वयंघोषणा. आडनावावरून वा छायाचित्रावरून ते ठरवले जात नाही, ठरवताही येत नाही.

स्वयंघोषणा ऐच्छिक आणि गोपनीय असते. ती न केल्यास अर्ज बाद होत नाही, पण गटापुरत्या मर्यादित भरतीत ती नसेल तर अर्ज पुढे जात नाही. ‘मला गुणवत्तेवर नोकरी हवी आहे, सवलत नको’ असे म्हणणारी माणसे भेटतात आणि त्यांच्या स्वाभिमानाचा मला आदर आहे. तथापि या पद्धतीत आवश्यक पात्रतेची एकही परीक्षा कोणाला माफ होत नाही. स्वयंघोषणा केलेला उमेदवार तीच लेखी परीक्षा देतो, तीच मुलाखत देतो आणि त्याच किमान गुणांची रेषा ओलांडतो. आपण घोषणा केली नाही, तर आपली गुणवत्ता उजळून निघत नाही, एवढेच होते की विभागाच्या नोंदीत आपण दिसत नाही.

नोंदीत न दिसण्याचे परिणाम किती दूरवर जातात, याचे एक उदाहरण याच सेवेच्या आकडेवारीत आहे. एखाद्या गटाचे प्रतिनिधित्व पुरेसे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी त्या गटातील किती लोक अशा कामासाठी ‘उपलब्ध’ आहेत याचा अंदाज जनगणनेवरून काढतात आणि सेवेतील प्रत्यक्ष प्रमाण त्याच्याशी ताडतात. केंद्रीय सेवेसाठी हा अंदाज काढताना पूर्वी फक्त नागरिक मोजले जात. नव्याने आलेल्या पीआरधारकांत गौरेतरांचे प्रमाण मोठे, त्यामुळे ते वगळले की उपलब्धतेचा आकडा खाली येई आणि सेवेने उद्दिष्ट गाठले आहे असे चित्र प्रत्यक्ष लोकसंख्येच्या मानाने लवकर उभे राही. नागरिकत्वाची अट आणि समन्यायाचा हिशेब हे दोन वेगळे विषय वाटतात, पण ते असे एकमेकांत गुंतलेले होते. भरतीच्या दारातला प्राधान्यक्रम बदलण्याची गरज का होती, हे यावरून कळते.

एक इशारा. खोटी स्वयंघोषणा ही भरतीतील फसवणूक मानली जाते. तिची चौकशी होऊ शकते आणि नेमणूक रद्द होऊ शकते.

पायरी चौथी : जाहिरात वाचणे आणि छाननीच्या प्रश्नांची उत्तरे लिहिणे

फेडरल भरतीत सर्वाधिक अर्ज इथेच गळतात, आणि त्याला पीआर किंवा नागरिकत्व कारण नसते. ‘जीसी जॉब्स’ संकेतस्थळावर अर्ज भरताना बायोडेटाखेरीज छाननीचे प्रश्न असतात. प्रत्येक आवश्यक पात्रतेसाठी वेगळा प्रश्न असतो, आणि अधिकारी उत्तरात लिहिलेले तेवढेच धरतो. तळटिपेत ‘अलीकडचा’, ‘लक्षणीय’ अशा शब्दांच्या व्याख्या दिलेल्या असतात. त्या आधी वाचाव्यात आणि मग उत्तराला हात घालावा.

समजा, प्रश्न असा आहे: ‘अर्जांची नियमानुसार छाननी करून निर्णयाची लेखी शिफारस करण्याचा अलीकडचा अनुभव’, आणि अलीकडचा म्हणजे गेल्या पाच वर्षांतला, अशी तळटीप आहे. आपल्याकडील एखादा बँक अधिकारी स्वभावानुसार लिहील की, ‘आम्ही सहकारी बँकेच्या कर्ज विभागात अनेक वर्षे सर्व प्रकारची कामे यशस्वीपणे हाताळली.’ हे उत्तर बाद होईल. कोणी, केव्हा, काय, कसे यांपैकी एकाचेही उत्तर त्यात नाही, आणि ‘आम्ही’ या शब्दामुळे त्याने स्वतः काय केले तेही कळत नाही. त्याच माणसाने असे लिहावे: ‘अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत मी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी बँकेत कर्ज अधिकारी होतो. आठवड्याला सरासरी इतके अर्ज माझ्याकडे येत. प्रत्येक अर्जातील उत्पन्नाचा दाखला, जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा आणि जामीनदाराची कागदपत्रे मी बँकेच्या कर्ज-धोरणाशी ताडून पाहत असे. त्रुटी आढळल्यास अर्जदाराला लेखी कळवून मुदत देत असे. त्यानंतर मंजुरीची किंवा नामंजुरीची कारणे देणारी टिपणी मी स्वतः लिहून शाखाधिकाऱ्यांना सादर करत असे.’ सातबारा उतारा म्हणजे काय हे ओटावातल्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून तो शब्द न वापरता त्याचा अर्थ लिहिला आहे. हे तत्त्व तलाठी, ग्रामसेवक, टेंडर, जीआर अशा प्रत्येक शब्दाला लावावे.

भारतातील अनुभव सांगायला कचरू नये. अनुभव कॅनडातलाच हवा असे जाहिरातीत लिहिलेले नसेल, तर सांगलीचा अनुभवही अनुभवच असतो. प्रत्येक जाहिरातीची प्रत अर्जाच्या दिवशीच उतरवून ठेवावी, कारण मुदत संपल्यावर ती संकेतस्थळावरून जाते आणि सहा महिन्यांनी मुलाखतीचे पत्र येते तेव्हा पात्रतेची यादी हाताशी नसते.

पायरी पाचवी : शिक्षण आणि भाषा

प्रत्येक कामाच्या वर्गाला किमान शैक्षणिक मानक ठरलेले असते. ‘ईसी’ वर्गात, म्हणजे अर्थशास्त्र आणि धोरण-विश्लेषणाच्या कामात, अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्र या विषयांतील विशेष अभ्यासासह पदवी लागते. ‘सीआर’, ‘एएस’, ‘पीएम’ या कारकुनी आणि प्रशासकीय कामाच्या वर्गांतील सुरुवातीच्या जागांना अनेकदा माध्यमिक शिक्षण पुरते. भारतीय पदवीचे कॅनडातील समकक्ष मूल्य मान्यताप्राप्त संस्थेकडून ठरवून घ्यावे लागते. इमिग्रेशनसाठी काढलेला मूल्यांकन अहवाल जपून ठेवावा आणि विभागाला तो चालतो का हे लेखी विचारावे. तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम. पदव्यांचे मूल्यांकन सगळीकडे सारखे येत नाही, म्हणून अहवालातील नेमके शब्द वाचूनच ‘पदवीधर’ या चौकटीत खूण करावी.

भाषेबाबत जाहिरातीत ‘इंग्रजी आवश्यक’, ‘फ्रेंच आवश्यक’, ‘यांपैकी कोणतीही’ किंवा ‘द्विभाषिक’ असे लिहिलेले असते. द्विभाषिक जागेसाठी ‘बीबीबी’, ‘सीबीसी’ अशी अक्षरे येतात. ती अनुक्रमे वाचन, लेखन आणि संभाषण यांची दुसऱ्या भाषेतील पातळी सांगतात, आणि ए-बी-सी अशी ती चढत जाते. जवळपास चार दशांश जागा द्विभाषिक असतात आणि ओटावा परिसरात हे प्रमाण आणखी जास्त आहे. फ्रेंच येत नसेल तर इंग्रजी-आवश्यक जागांसाठी ताबडतोब अर्ज सुरू करावेत, पण शिकणेही त्याच आठवड्यात सुरू करावे, कारण आत शिरल्यावर बढतीची वाट बहुधा फ्रेंचमधूनच जाते.

पायरी सहावी : परीक्षा आणि सुरक्षा पडताळणी

लेखी परीक्षा किंवा मुलाखत यांसाठी अपंगत्वामुळे जादा वेळ, मोठा टाइप, वेगळी खोली अशी सोय लागत असेल, तर बोलावणे आल्याबरोबर मागावी. ही सोय मागणे आणि अपंग गटात स्वयंघोषणा करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एक केली म्हणजे दुसरी झाली असे होत नाही. २०२१ च्या त्याच दुरुस्तीतून आलेली आणखी एक तरतूद जुलै २०२३ पासून लागू आहे: परीक्षेची पद्धत ठरवताना तिच्यात वंचित गटांना अडवणारे पूर्वग्रह वा अडथळे आहेत का, हे विभागाने आधी तपासले पाहिजे आणि असल्यास ते दूर करण्याचा प्रयत्न केला पाहिजे.

निवड झाल्यावर सुरक्षा पडताळणी होते आणि नुकत्याच आलेल्या पीआरधारकाची खरी कसोटी इथे लागते. ‘रिलायबिलिटी’ या प्राथमिक पातळीसाठी साधारण गेल्या पाच वर्षांचा, तर ‘सीक्रेट’ पातळीसाठी दहा वर्षांचा तपशील तपासतात. बोटांचे ठसे घेतात आणि आर्थिक पत पाहतात. त्या काळातील काही वर्षे भारतात गेली असतील, तर तिथला पोलीस दाखला मागितला जाऊ शकतो. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना तो कॅनडातील भारतीय वकिलातीमार्फत मिळवता येतो. या गोष्टींना वेळ लागतो, आणि व्यवस्थापकाला जागा लवकर भरायची असेल तर हा वेळच आपल्या विरोधात जातो. म्हणून गेल्या दहा वर्षांतील प्रत्येक पत्ता, त्याच्या तारखा, प्रत्येक नोकरीतील वरिष्ठाचे नाव आणि चालू ई-मेल, तसेच प्रत्येक परदेश प्रवास यांची एक यादी आजच करून ठेवावी. भाड्याच्या खोलीचा करार सापडत नसेल, तर बँकेचे पासबुक किंवा वीजबिल शोधून ठेवावे. दोन पत्त्यांमधली एका महिन्याची फटसुद्धा प्रश्न उभा करते.

पायरी सातवी : नकार आला तर

बाह्य भरतीत नाकारलेल्या उमेदवाराला कामगार-संबंध मंडळाकडे तक्रार करता येत नाही, तो मार्ग अंतर्गत भरतीपुरता आहे. बाहेरच्या उमेदवारासमोर तीन वाटा असतात. पहिली, विभागाला कारण विचारणे. अनेक विभाग ते सांगतात, आणि आपल्या उत्तरपत्रिकेवरील शेरे पाहायचे असतील, तर कॅनडात असलेल्या कोणालाही, मग तो नागरिक असो वा नसो, ‘प्रायव्हसी ॲक्ट’खाली स्वतःविषयीची माहिती मागता येते. दुसरी, भरतीत चूक, गैरवर्तन वा फसवणूक झाली असे वाटत असेल, तर केंद्रीय भरतीवर देखरेख ठेवणाऱ्या पब्लिक सर्व्हिस कमिशनकडे चौकशीची विनंती करणे. पीआर असूनही आपल्याला नागरिकांच्या मागे ठेवले, असे कागदावरून दिसत असेल, तर ही वाट नेमकी त्याचसाठी आहे. तिसरी, वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ, लिंग, अपंगत्व अशा कारणावरून भेदभाव झाला असेल, तर घटनेपासून एका वर्षाच्या आत कॅनेडियन ह्यूमन राइट्स कमिशनकडे तक्रार करणे. तीनही ठिकाणी तारखा, ई-मेल आणि जाहिरातीची जपलेली प्रतच कामी येते.

एका गोष्टीचा भेदभावाशी घोळ करू नये. सेवेतील पदे कमी होतात तेव्हा अतिरिक्त ठरलेल्या कर्मचाऱ्यांना रिकाम्या जागांवर आधी नेमण्याचा हक्क असतो आणि तो ३९ व्या कलमाच्याही वर आहे. कपातीच्या काळात असे नकार वाढतात.

रुजू होताना

बाहेरून नेमणूक झालेल्याला शपथ किंवा प्रतिज्ञा घ्यावी लागते. तिचा मजकूर आपले कर्तव्य निष्ठेने व प्रामाणिकपणे पार पाडण्याविषयी आणि कामात कळलेली माहिती परवानगीविना उघड न करण्याविषयी आहे. ती राजनिष्ठेची शपथ नाही, तिने भारतीय नागरिकत्वाला काही बाधा येत नाही. पहिले एक वर्ष बहुधा परिवीक्षेचे असते.

अर्जाच्या वेळी केलेली स्वयंघोषणा त्या भरतीपुरतीच असते. रुजू झाल्यावर कर्मचारी म्हणून स्वतःची नोंद करण्याचे वेगळे प्रपत्र येते आणि सेवेतील प्रतिनिधित्वाची आकडेवारी त्यावरूनच तयार होते, म्हणून तेही भरून द्यावे. यापुढील अंतर्गत भरतीत नागरिक आणि पीआरधारक असा प्राधान्यक्रमच नाही. पहिली नेमणूक मनासारख्या वर्गात किंवा शहरात नसली, तरी ती स्वीकारून आतून पुढच्या जागेसाठी अर्ज करणे बहुतेकांना अधिक सोपे जाते.